चावणारी अक्षरं

कॉफी डॅडीच्या बोटांवरून वाहत होती आणि डॅडी बोलतच होता.

अकराव्या रस्त्याचा सिग्नल लाल होता. समोर एका बाईचा कुत्रा रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसला होता. डॅडीनं एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हातात कागदी कप धरला होता, धरला कसला, आवळला होता, इतका की झाकण एका बाजूनं उचललं गेलं आणि काळी वाफाळती कॉफी बारीक धारेनं अंगठ्यावरून, तर्जनीवरून, मनगटावरून सरळ बाहीत शिरायला लागली. शेजारच्या सीटवरून मार्नीला, त्याच्या लाडाच्या ‘सिस’ला, वाफ दिसत होती. नोव्हेंबरातली सकाळ, ट्रकचा हीटर नेहमीप्रमाणे संपावर, त्या गारठ्यात ती वाफ डॅडीच्या बोटांभोवती चांगली गोल फिरत होती. ती ओरडणारच होती. तोंड उघडलंही होतं. पण डॅडी म्हणत होता, “मिस ओपल म्हणते, तिच्या ऑर्विलनं त्याचं चक्र कधी फिरवलंसुद्धा नाही. कळतंय का तुला, सिस? एकदाही नाही! महायुद्धाच्या आधीचं रिव्हॉल्व्हर, आणि चक्रावर फिरल्याची रेघ नाही!” आणि हे म्हणताना त्याचा आवाज कुठंही अडखळला नाही, चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही, भुवई उडाली नाही. धार मात्र चालूच. मग कुत्रा उठला, सिग्नल हिरवा झाला, डॅडीनं कप खाचेत ठेवला, आणि तेव्हा कुठं त्याला बाही ओली दिसली. दिसली. “हात्तिच्या, सांडली वाटतं,” असं म्हणून त्यानं हात जीन्सला पुसला, पाऊस पुसावा तसा, आणि गिअर टाकला.

मार्नीनं हळूच सीटवरच्या थेंबाला बोट लावलं. चांगलाच चटका बसला. तिनं बोट तोंडात घातलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. टायरची दुकानं, बंद पडलेलं मोटेल, बिस्किट आणि ग्रेव्ही देणाऱ्या खानावळीची पाटी, पुन्हा टायरची दुकानं. रोजचाच रस्ता. तरी आज सगळं जरा तिरकं दिसत होतं, भिंतीवरच्या तसबिरीला कुणीतरी धक्का मारून गेल्यासारखं.

खरं म्हणजे हे वर्ष तिचं होतं. नववीत असताना ही मार्नी प्रुइट जेवणाच्या हॉलमध्ये काटा खाली पडला तर वाढणाऱ्या बाईकडे दुसरा मागायच्या ऐवजी हातानं खायची. आणि आता अकरावीत वादविवादाच्या संघात तिचं नाव पहिलं, हात वर करायच्या आधी तोंड सुरू, चर्चच्या जेवणात म्हाताऱ्यांशी राजकारणावर भांडण, मॉम म्हणायची, “हिला कुणीतरी बॅटरी बसवली आहे.” मार्नीला स्वतःचा आवाज इतका आवडायला लागला होता की आंघोळ करताना ती नळाशी वाद घालायची आणि जिंकायची. आणि आत्ता, पाच शब्दांचं एक वाक्य, ‘डॅडी, तुला भाजलं नाही का?’, ते काही केल्या बाहेर पडेना. ती ते उभं करून बघत होती, आडवं करून बघत होती. विचारलं तर तो उत्तर देईल. हाच तर घोटाळा होता. उत्तर देईल.

आणि मग ते सगळं एकदम यायला लागलं, न बोलावता, एकामागून एक. गेल्या फेब्रुवारीत तिला ताप होता तेव्हा डॅडीनं तिच्या कपाळाला हात लावला नव्हता, वाकून ओठ टेकले होते, ती तीन वर्षांची असताना टेकायचा तसे, आणि तापातही तिला काय भारी वाटलं होतं! तिनं मैत्रिणीला सांगितलंसुद्धा होतं की माझा डॅडी मनानं अगदी लोण्याचा आहे. दोरीवरचे कपडे वाळले का बघायला तो ते गालाला लावायचा. सकाळी मॉम त्याच्या बाहीची बटणं लावून द्यायची, आणि मार्नी डोळे फिरवून म्हणायची, “बस करा रे प्रेमं, मला शाळेत जायचंय.” विमानतळाच्या शेडमध्ये वीस-बावीस वर्षं इंजिनांच्या पोटात हात घालणारा माणूस उन्हाळ्यात सुटे भाग देण्याच्या खिडकीवर बसायला लागला आणि घरी येऊन म्हणाला, “बढती मिळाली.” त्यांनी केक आणला होता. निळ्या साखरेचं विमान होतं त्यावर. डॅडीनं खाल्ला नाही, साखरेचा त्रास म्हणून. साखरेचा त्रास तर तिच्या जन्माआधीपासूनचा, घरातल्या जुन्या फ्रिजसारखा, कोपऱ्यात घुरघुरणारा, त्याच्याकडे कोण लक्ष देतं? केक मार्नीनंच संपवला. पंख आधी खाल्ले.

“गप्प का?” डॅडीनं विचारलं.

“कुठं गप्प?”

“घरापासून इथपर्यंत फक्त चार हजार शब्द. तब्येत बरी आहे ना?”

ती हसली. हसायला आलं याचंच तिला आश्चर्य वाटलं. जत्रेच्या मैदानाबाहेर तेलविहिरीवरच्या कामगाराचा तो उंच पिवळा पुतळा कमरेवर हात ठेवून उभा होता, लहानपणी ती त्याला ‘डॅडीचा साहेब’ म्हणायची, आणि त्याच्या बुटांपाशी ट्रकांची रांग लागली होती. बंदुकांच्या बाजाराचा शनिवार. डॅडीनं दाढी गुळगुळीत केली होती, चर्चचा शर्ट घातला होता. गेल्या हिवाळाभर त्यानं आपल्याकडची रिव्हॉल्व्हरं एकेक करून विकली होती, कातडी म्यानं, पेट्या, सगळी. आता एकच घ्यायचं, म्हणाला होता. एकच, पण असं की त्याच्यावर बोट ठेवायला जागा नको. “का पण?” तिनं तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला होता, “माणसानं एकदा तरी पूर्ण बरोबर असावं, सिस.” तिला ते वाक्य इतकं आवडलं होतं की तिनं ते भाषणात वापरून टाकलं. आता तेच वाक्य ट्रकमधून उतरताना पायात आलं. शेवटचं. ‘हे शेवटचं रिव्हॉल्व्हर’ असं म्हणाला नव्हता तो, पण तेच म्हणत होता. अंगठा आहे तोवर एक.

कारण डॅडीचा अंगठा म्हणजे काही साधा अंगठा नव्हता. बाजाराच्या या हॉलमध्ये, जिथं गालाची हाडं वर आलेले म्हातारे टेबलामागं बसून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर अविश्वास दाखवायचे, तिथं हार्लन प्रुइटचा अंगठा चालायचा. मार्नी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेत अक्षरं डोळ्यांनी शिकत होती आणि घरी अंगठ्यानं. स्वयंपाकघराच्या टेबलावर जुना टॉवेल, टॉवेलवर रिव्हॉल्व्हर, चक्र बाहेर काढलेलं, गोळ्यांची सहाही घरं रिकामी, हे आधी तिनं स्वतः डोळ्यांनी आणि करंगळीनं बघायचं, मग डोळे मिटायचे. “आता नळीवरचं नाव वाच. हळू. चावतंय?” आणि खरंच चावायचं! कारखान्यात ठसा पोलादात घुसतो तेव्हा अक्षराच्या कडा केसभर वर उचलल्या जातात. डोळ्याला दिसत नाहीत, पण अंगठा फिरवला की मांजराच्या पिल्लाच्या दातांसारख्या लागतात. “चावतंय!” ती किंचाळायची. “मग ते खरं बोलतंय,” डॅडी म्हणायचा. त्यानंतर कितीतरी दिवस ती घरातली प्रत्येक वस्तू डोळे मिटून वाचत सुटली होती, चमचे, नाणी, चर्चच्या बाकावरची पितळी पट्टी, मॉमच्या अंगठीच्या आतली बाजू. डॅडीनं तिला उलटंही दाखवलं होतं. कुणाच्या तरी आजोबांचं रिव्हॉल्व्हर, घरच्यांनी प्रेमानं घासूनपुसून, पोलादावरची निळाई, तो निळा मुलामा, पुन्हा चढवून आणलेलं, आरशासारखं. सगळ्यांना वाटतं काय सुंदर झालंय. “हात लाव.” तिनं लावला होता. अक्षरं दिसत होती पण लागत नव्हती. बर्फावरून बोट गेल्यासारखं. “हे बोलत का नाही?” तिनं विचारलं होतं. डॅडी म्हणाला होता, “याचं तोंड धुतलंय कुणीतरी. प्रेमानंच धुतलंय. पण आता त्याला काही आठवत नाही.” असला विचित्र धंदा. सगळ्या जगात नवीन म्हणजे चांगलं, आणि इथं चकचकीत दिसलं की म्हातारे नाक मुरडतात. डाग हवेत, म्यानात घासून फिकटलेल्या कडा हव्यात, कुणाच्या तरी घामानं तपकिरी झालेली मुठीमागची पोलादी पट्टी हवी.

आत नेहमीचा वास आला. तेल, चामडं, मक्याच्या लाह्या, वाळवलेलं मांस, आणि शेकडो माणसांच्या ओल्या जाकिटांचा. लोक डॅडीला हाका मारत होते. “हार्लन! अजून जिवंत?” “तुझी बायको अजून आहे ना तुझ्याकडे?” “मार्नी, बाई, तू तर झाडासारखी वाढलीस!” डॅडी हात हलवत होता. हात मिळवत नव्हता. मार्नी आता सगळं बघत होती, ते तिला थांबवताच येत नव्हतं. कुणी हात पुढे केला की डॅडी त्याच्या खांद्यावर थाप मारायचा, मोठ्यानं हसायचा, पुढे सरकायचा. कधीपासून? एका टेबलावरचा चाकू त्यानं उचलला आणि तो त्याच्या हातून जरा सरकला, अगदी जरासा, आणि त्यानं तो पुन्हा आवळला, पांढरी पडेपर्यंत बोटं आवळली. आपल्या बोटांनाच काही झाल्यासारखं तिला वाटलं. ती खिशात हात घालून आतल्या आत एकेक बोट अंगठ्याला टेकवत होती. आहे. आहे. आहे. आहे.

मिस ओपल स्टकी, इकडे लग्न झालेल्या म्हातारीलाही मानानं मिसच म्हणतात, शेवटच्या रांगेत, लाह्यांच्या गाडीशेजारी बसली होती. चॉकलेटी कोट, मांडीवर विणकाम, समोर हिरव्या कापडावर एकच रिव्हॉल्व्हर. शेजारी वारलेल्या नवऱ्याचा फोटो ठेवला होता, ऑर्विल, मासा धरून उभा. आणि टेबलाच्या या बाजूला, एक अंगठा पट्ट्यात अडकवून, दुसऱ्या हातात लाह्यांचा पुडा घेऊन, लॉयल टकर. लॉयलला डॅडीचा मित्र म्हणावं की शत्रू, हे त्या दोघांनाही ठरवता आलेलं नव्हतं.

“ये बाबा, ये,” लॉयल म्हणाला. “सकाळपासून इथं उभा राहून माझ्या पायाला मुळं फुटली. मिस ओपल म्हणते, हार्लनला शब्द दिलाय, आधी तो बघेल. म्हटलं ठीक आहे, तो खाली ठेवेल तेव्हा मी आहेच.”

“खाली ठेवीन असं कुणी सांगितलं तुला?”

“माणूस आशेवर जगतो.”

हा इथला नियम होता, कुठं लिहिलेला नाही आणि मोडलेला कुणी बघितलेला नाही. वस्तू ज्याच्या हातात, तिच्यावर हक्क त्याचा. तोवर दुसऱ्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, बरं नाही, वाईट नाही, किंमत तर नाहीच नाही. घरातल्या माणसाच्या हातात दिली तरी चालते. पण टेबलावर ठेवली, की गेली. मग पुढच्यानं उचलायची. मार्नी नऊ वर्षांची असताना सिनेमातल्यासारखं मनगटाला झटका देऊन चक्र बंद करायला गेली होती, तेव्हा अख्ख्या रांगेनं श्वास आत ओढला होता, आणि डॅडी घरी जाईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. आणि आताही तिला माहीत होतं, तोच श्वास आहे इथं, आजूबाजूच्या टेबलांवरची म्हातारी टाळकी दुसरीकडे बघायचं नाटक करतायत आणि कान इकडे आहेत. हार्लन प्रुइट काय म्हणतो? त्याच्या म्हणण्यावर लॉयल घेणार, किंवा नाही घेणार, आणि पुढची दोन वर्षं त्याची गोष्ट सांगत बसणार.

डॅडीनं ते उचललं. दोन्ही हातांनी.

सुंदर होतं ते. मार्नीला कबूल करावंच लागलं. लांब नळी, अक्रोडाची मूठ, आणि निळा रंग असा खोल की वरचे दिवे त्यात बुडून गेल्यासारखे दिसत होते. डॅडीनं चक्र अलगद बाहेर काढलं, तळहातानं, बोटांनी नाही, हेही तिनं बघितलं. घरं रिकामी. तिनंही वाकून बघितली, सवयीनं. चक्राभोवती रेघ नव्हती. कुठलंही रिव्हॉल्व्हर फिरवलं की आतली खुंटी चक्रावर एक बारीक कडं ओढते, पहिल्या फिरवण्यापासूनच. इथं काहीच नव्हतं, नुसता निळा.

“बघ, सांगितलं नव्हतं?” मिस ओपल म्हणाली. “ऑर्विल नुसता मांडीवर घेऊन बसायचा. मी म्हणायची, माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीस. त्याच्या मावसकाकाचं होतं. त्यानंच असं दिलं.”

“फिरवून बघतोस ना?” लॉयल. “जागच्या जागी बसतंय का ते तरी—”

“माझ्या हातात आहे, लॉयल.”

“हो, हो. मी कुठं काय म्हणतोय. मी लाह्या खातोय.”

“आजवर कुणी फिरवलं नाही ते मी फिरवू? ही रेघ मी ओढू?” डॅडी म्हणाला, आणि आसपासच्या माना डोलल्या, वा, याला म्हणतात माणूस. मार्नीला मात्र स्वयंपाकघराचं टेबल आठवलं. घरी त्याच टेबलावर तो म्हणायचा, फिरवलं नाही तर ओळखच झाली नाही, रेघ पडली तर पडली. चक्र बंद करून घोडा सावकाश मागं ओढायचा, ते जागेवर बसताना बोटांत जे बारीकसं ‘टक्’ येतं ते ऐकायचं असतं, कानांनी नाही, बोटांनी. आज तो ते टाळत होता आणि लोक त्यालाच सभ्यपणा म्हणत होते. ती एकटी होती या हॉलमध्ये जिला हे माहीत होतं. असं एकटं असणं तिनं यापूर्वी कधी अनुभवलं नव्हतं. व्यासपीठावरसुद्धा समोर कुणीतरी असतं, मुद्दा खोडायला.

डॅडीनं डोळे मिटले. आला तो अंगठा. नळीवरच्या नावावरून डावीकडून उजवीकडे, हळू, पहिल्यासारखा, अगदी पहिल्यासारखा, इतका की क्षणभर तिला वाटलं आपलंच चुकलं, कॉफी गारच असेल, तापात टेकलेले ओठ म्हणजे प्रेमच असेल. पण अंगठ्याची कड लाल झाली होती, सकाळच्या भाजण्यानं, आणि तिथं एक बारीक फोड वर येत होता. फोडावरून पोलाद जात होतं. डॅडीच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं.

“चावतंय,” तो म्हणाला.

मिस ओपलनं सुई थांबवली. लॉयलनं लाह्यांचा पुडा खाली घेतला, त्याचा चेहरा उतरला. आणि मार्नी म्हणाली, “मला दे ना, डॅडी.”

तिनं ठरवलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण बोललो.

“काय?”

“मी पण वाचते. लहानपणी द्यायचास तसं.”

“पाहिलंस ना, हार्लन,” लॉयल म्हणाला, “आता पोरीची सही लागते तुला.”

“लॉयलकाका, लाह्या खा तुम्ही,” मार्नी म्हणाली आणि दोन-तीन म्हातारे खुदकन हसले. डॅडीही हसला. त्यानं रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं, हातातून हातात, कापडाला लागू न देता, नळी जमिनीकडे. ते थंड होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. तिनं डोळे मिटले. लाह्यांचा वास मोठा झाला. कुणीतरी खोकलं. अंगठा ठेवला. पहिलं अक्षर जिथं असायला हवं तिथं काही नव्हतं. तिनं जरा दाबला. खड्डा लागला, पण कड नाही. वितळलेल्या मेणबत्तीवर ओढल्यासारखं, धुतलेल्या ताटासारखं. तिनं नाव संपेपर्यंत जाऊन पुन्हा मागं येऊन पाहिलं. एकही दात नाही. म्हणजे चक्रावरची रेघही नव्हतीच असं नाही, रेघ होती, होती कधीतरी, तीही या अक्षरांच्या कडांबरोबर घासली गेली आणि वरून हा सुंदर निळा चढला. ऑर्विलच्या मावसकाकानं किंवा आणखी कुणी. प्रेमानंच. तिनं डोळे उघडले नाहीत. डोळे मिटलेले आहेत तोवर अजून काही झालेलं नाही. ‘चावतंय’ म्हटलं तर डॅडी हे घरी नेईल, हिवाळाभर विकलेल्या सगळ्यांच्या बदल्यात, टॉवेलवर ठेवून रोज डोळे मिटून वाचेल, आणि ते गप्प बसेल, आणि डॅडीला ते बोलताना ऐकू येईल. मरेपर्यंत. ते वाईट आहे का? आहे का वाईट? वादविवादात हा विषय दिला असता तर तिनं दोन्ही बाजूंनी बोलून दाखवलं असतं, टाळ्या घेतल्या असत्या. पण एके दिवशी कुणीतरी येईल, लॉयलच येईल जेवायला, आणि सहज अंगठा फिरवेल. मग तो डॅडीकडे बघेल. त्या बघण्याला ती काय करणार होती?

“काय गं?” डॅडीचा आवाज. “चावतंय ना?”

त्या ‘ना’मध्ये काहीतरी होतं. तिनं डोळे उघडले. तो तिच्याकडे बघत होता, रिव्हॉल्व्हरकडे नाही. तो खरंच विचारत होता.

“नाही, डॅडी. नाही चावत.”

 डॅडीनं हात पुढे केला, रिव्हॉल्व्हर परत घेतलं. त्याच्या मानेवर लाली चढत होती, कॉलरमधून वर, कानांपर्यंत. “हिचा अंगठा गारठलाय,” तो सगळ्यांना म्हणाला. “ट्रकचा हीटर बंद आहे. बधिर झाला असेल.” आणि हसला. मार्नीनं तो अंगठा मुठीत धरला. मुठीत तो अंगठा धडधडत होता. आपण त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. नाही, त्यानं आपल्याला. छे, कुणीच कुणाला नाही, हे नुसतं तिथं होतं, टेबलावर, मासा धरलेल्या ऑर्विलसमोर. तिला ट्रकमध्ये जाऊन बसायचं होतं. तिला त्याचा हात धरायचा होता. तिला नववीत परत जायचं होतं, काटा न मागणाऱ्या मुलीत.

डॅडीनं पुन्हा अंगठा फिरवला. एकदा. मग जोरात. फोड फुटला, नळीवर पाण्याचा एक थेंब आला, तो त्याला दिसला, आणि त्यानं तो बघितला, बराच वेळ, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

मग त्यानं रिव्हॉल्व्हर तोंडाकडे नेलं.

अख्ख्या रांगेनं पुन्हा श्वास आत ओढला.  मिस ओपलचा हात छातीवर गेला, लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवरून घरंगळत लॉयलच्या बुटाला लागला, लॉयल म्हणाला, “हार्लन,” अगदी हळू, घोड्याला म्हणावं तसं, “हार्लन, बाबा.” चक्र उघडं होतं, घरं रिकामी होती, मार्नीनं स्वतः बघितली होती, तरी ती एक पाऊल पुढे सरकली. या हॉलमध्ये असं कुणी करत नाही. नळी माणसाकडे, आणि तोंडाकडे! आणि श्वासाची वाफ निळाईवर! पण डॅडीनं नळी आडवी धरली, बाजूनं, बासरी धरतात तशी, टोक तिरकं वर छताकडे, आणि नाव होतं ती बाजू खालच्या ओठाला टेकवली. डोळे मिटले. आणि डावीकडून उजवीकडे, हळू, ओठ फिरवला. ताप बघतात तसा. मार्नीच्या कपाळावर फेब्रुवारीतली ती जागा गार झाली.

शेवटच्या अक्षरापाशी तो थांबला. पुन्हा मागं नाही आला.

“नाही चावत,” तो म्हणाला. “पोरगी बरोबर आहे.”

“तुझी बोटं—” लॉयलनं सुरुवात केली.

“बोटं गेली, लॉयल, या साखरेपायी. वर्ष होऊन गेलं.” हे त्यानं असं सांगितलं जसं गाडी पुढच्या गल्लीत लावली आहे म्हणून सांगावं. मग मिस ओपलकडे वळला. “मिस ओपल, रिव्हॉल्व्हर चांगलं आहे. ऑर्विलनं काही खोटं सांगितलं नाही. त्यानं नसेलच फिरवलं. त्याच्या आधी कुणीतरी याचं तोंड धुतलंय, इतकंच. त्या हिशेबानं विका.”

“म्हणजे तो ज्याच्याकडे बघत बसायचा, ते—”

“ते सुंदरच होतं. बघा ना.”

मिस ओपलनं बघितलं. मग नवऱ्याच्या फोटोकडे बघितलं. “वेडा,” ती म्हणाली, आणि वाकून लोकर शोधायला लागली. लॉयलनं गुडघे मोडत खाली बसून गुंडा काढून दिला, त्याला तेवढंच करण्यासारखं होतं.

डॅडीनं रिव्हॉल्व्हर हिरव्या कापडावर ठेवलं. ठेवलं की गेलं. आता लॉयलची पाळी होती, तो सकाळपासून तिथं उभा होता. पण लॉयलनं हात पट्ट्यात अडकवले, तो मासा धरलेल्या ऑर्विलकडे टक लावून बघत राहिला, आणि शेजारच्या टेबलावरचे म्हातारे एकाएकी आपापल्या पेट्या लावायला लागले. नळीवर डॅडीच्या श्वासाचा पांढरा ठिपका होता, मधे ओठाची ओली रेघ. तसं ठेवून जायचं नसतं. हात लावला त्यानं पुसायचं, हाही इथलाच नियम. डॅडीनं खिशातून तेलाचं फडकं काढलं. ते त्याच्या बोटांतून एकदा निसटलं, पडता पडता त्यानं पकडलं, आवळलं, आणि वाकून पुसायला लागला, काळजीनं, पण फडक्याखाली बोटांना काही लागत नव्हतं, हात ठिपक्याच्या जरा उजवीकडेच फिरत होता. मार्नीचा हात पुढे झाला होता. तो तिनं मागं घेतला आणि त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, वाकली.

“गेलं?” डॅडीनं विचारलं. तिच्याकडे न बघता.

“अजून नाही. डावीकडे ये. अजून. जरा दाबून, पण इतकं नाही.”

“आता?”

“थोडं खाली. नावाच्या शेवटी. हां, तिथंच,” मार्नी म्हणाली. “आता गेलं.”